मांजर राहू दे, ती ट्यूब तेवढी फेका

पाऊस सुरू झाला की या कॉलमकडे येणारी पत्रं एकाच विषयावर यायला लागतात, खाज. यावेळी प्राण्यांचेही बरेच प्रश्न आलेत, म्हणून आमच्याच गल्लीत क्लिनिक असलेल्या एका व्हेट मित्राला शेजारी बसवून उत्तरं लिहिलीत. जनावरांच्या औषधांचं जे काही खाली आहे ते त्याचं, बाकीची बडबड माझी. आणि फोटो पाठवणाऱ्यांना एक विनंती, चट्ट्याचा फोटो खिडकीजवळ दिवसाउजेडी काढा हो, बाथरूमच्या पिवळ्या बल्बखाली सगळंच गजकर्ण दिसतं.

नमस्कार मॅडम, आम्ही कोलशेतला राहतो. मुलगी सात वर्षांची आहे, तिने पार्किंगमधून मांजरीचं पिल्लू उचलून आणलं, आता ते घरचंच झालंय. पण पिल्लाच्या कानाची कड आणि नाकावरचे केस गेलेत, मुलीच्या डोक्यात रुपयाएवढी जागा मोकळी झालीय आणि माझ्या हातावर, मानेवर गोल लाल चट्टे आलेत. सासूबाई म्हणतात मांजर आजच्या आज बाहेर सोडून या. मुलगी रडून रडून हैराण आहे. काय करू? – एक आई, ठाणे

ताई, आधी मांजर घरातच राहू दे. सासूबाईंचा संशय मात्र अगदी चुकीचा नाही, त्यांना तेवढं क्रेडिट द्या. मांजरीच्या पिल्लांमध्ये मायक्रोस्पोरम कॅनिस नावाची, गजकर्ण करणारी बुरशी नेहमी सापडते, नावात कॅनिस म्हणजे कुत्रा असला तरी तिचं खरं घर मांजर. ही बुरशी केस, नखं आणि कातडीचा वरचा थर ज्या केराटिनचा बनलेला असतो तेच खाऊन जगते, म्हणून पिल्लाचे केस तुटतात आणि मुलीचेही. तुमच्या हातावर आणि मानेवरच चट्टे का, तर पिल्लाला उचलून घेतलं की त्याचं अंग तिथेच टेकतं.

आता महत्त्वाचं, तुमच्या हातावरचे चट्टे मलमाने जातील पण मुलीच्या डोक्यातला जाणार नाही. डोक्यात बुरशी केसाच्या आत शिरलेली असते आणि मलम तिथवर पोचतच नाही, त्यामुळे पोटातून औषध लागतं, सहा ते आठ आठवडे तरी, कधी त्याहून जास्त. मायक्रोस्पोरमसाठी अजूनही जुनं ग्रिसोफल्विनच चांगलं चालतं, आणि ते रिकाम्या पोटी द्यायचं नाही, दूध, तूप, लोणी असं काहीतरी स्निग्ध पोटात असेल तरच ते नीट शोषलं जातं. केटोकोनाझोलचा शॅम्पू सोबत द्या, त्याने आजार बरा होत नाही पण डोक्यावरून उडणारे बुरशीचे कण कमी होतात. टक्कल करायची गरज नाही, पोरीला उगाच शाळेत चिडवतील. औषध सुरू झालं की शाळेत पाठवायला हरकत नाही, फक्त कंगवा, टोपी, हेअरबँड कोणाबरोबर शेअर करायचे नाहीत. आणि ती जागा सुजून मऊ झाली, पू आल्यासारखी दिसायला लागली तर गळू समजून कोणाकडून चिरा मारून घेऊ नका. तीही बुरशीचीच प्रतिक्रिया असते, तिला चिरा नाही, औषध लागतं, आणि उशीर केला तर तिथले केस कायमचे जाऊ शकतात.

पिल्लाचं काय, तर व्हेट अंधाऱ्या खोलीत वूड्स लॅम्प म्हणजे अतिनील प्रकाशाचा दिवा धरून बघतील, या बुरशीने धरलेले केस त्यात पोपटी चमकतात. नाही चमकले म्हणजे पिल्लू साफ असंही नाही, मग नव्या कोऱ्या टूथब्रशने सगळ्या अंगावरून विंचरून तो ब्रश कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये बुरशी वाढवून बघायला पाठवतात, रिपोर्टला दोन-तीन आठवडे जातात. घरात दुसरं मांजर असेल, त्यातही पर्शियन, तर त्यालाही तपासा, पर्शियन मांजर वरून अगदी सुंदर दिसत असताना अंगावर बुरशी बाळगून असू शकतं. ट्रीटमेंट म्हणजे मांजरासाठीचं पोटातलं औषध आणि आठवड्यातून दोनदा चुना-गंधकाच्या पाण्याची आंघोळ, सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि पांढरं मांजर काही दिवस पिवळं दिसतं, पण काम करते. तो वास नकोच असेल तर मायकोनाझोल-क्लोरहेक्सिडिनचा शॅम्पू आहे. माणसाची गोळी अर्धी करून देऊ नका. टी ट्री ऑइल तर मांजराच्या आसपासही नको, इंटरनेटवर कितीही लोक नॅचरल नॅचरल म्हणोत, मांजराला ते विषारी आहे, अंगावर लावलेलं ते चाटून पोटात घेतं.

धडधाकट मांजर काही महिन्यांत आपोआपही बरं होतं हे खरं आहे, पण तोवर गळलेल्या प्रत्येक केसातून बुरशी घरभर पसरते आणि ते कण वर्षभर, कधी त्याहूनही जास्त तग धरतात. म्हणून पिल्लाला सध्या एकच खोली द्या जिथे गालिचा नाही, सोफा नाही, रोज केस गोळा करून फरशी साबणाच्या पाण्याने पुसा आणि मग पातळ केलेल्या ब्लीचने, तेव्हा पिल्लाला बाहेर ठेवा. बाहेर सोडलंत तर काय होईल, ते पार्किंगमधल्या दुसऱ्या मुलाच्या मांडीवर जाऊन बसेल, एवढंच.

मी घणसोलीला रूम शेअर करून राहतो, आम्ही चार जण. रबाळेला कंपनीत शिफ्टमध्ये काम. जांघेत आणि कमरेला गजकर्ण होऊन वर्ष होत आलं. मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब लावली की दोन दिवसांत खाज जाते, बंद केली की डबल येते. आता पोटावर पण चढलंय. रूममेटचा कुत्रा आहे, त्याच्यामुळे होतंय का? – एक वाचक, नवी मुंबई

कुत्रा निर्दोष आहे. जांघेत, कमरेत वर्षभर रेंगाळणारं गजकर्ण आपल्याकडे जवळपास नेहमीच माणसाकडून माणसाला आलेलं असतं, टॉवेलमधून, अंडरवेअरमधून, एकाच बादलीत भिजवलेल्या कपड्यांमधून. खरा आरोपी तुमच्या खिशात आहे, ती ट्यूब काढा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यातलं एकही नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे, सोबत एखादं बुरशीचं औषध आणि एखादं अँटिबायोटिक घालून सगळ्या रोगांवर एकच ट्यूब बनवलेली असते. स्टेरॉइड काय करतं, तर त्या जागेची प्रतिकारशक्ती दाबतं, म्हणून लाली आणि खाज दोन दिवसांत गायब होते आणि आपल्याला वाटतं वा काय औषध आहे, पण हे म्हणजे चोर शिरल्यावर वॉचमनलाच झोपेची गोळी दिल्यासारखं आहे, आत बुरशी मजेत पसरत राहते. चट्ट्याची ती ओळखीची गोल उठावदार कड पुसट होते, वर्तुळात वर्तुळ दिसायला लागतं, आणि पुढे तर नुसतं बघून डॉक्टरलाही ओळखू येत नाही. शिवाय जांघेतली कातडी पातळ होऊन बाळंतपणानंतर पोटावर येतात तसे पट्टे पडतात, ते मात्र आयुष्यभर राहतात, त्यांच्यावर औषध नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. स्टेशनबाहेर उभं राहून "भाऊ, खाजेची ट्यूब द्या" म्हणून बघा, चिठ्ठी कोण विचारतं ते कळेल. मला याचा राग येतो आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही.

दुसरी भानगड अशी की बुरशीच बदललीय. ट्रायकोफायटन इंडोटिनी नावाची एक जात गेल्या काही वर्षांत आपल्याकडे पसरली, २०२० मध्ये जपानी संशोधकांनी भारत आणि नेपाळच्या पेशंटकडून मिळालेल्या बुरशीवरून तिला हे नाव दिलं, आणि २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्येही ती सापडल्याची नोंद झाली. पूर्वी टर्बिनाफिनची गोळी दिली की पेशंट दोन आठवड्यांत खुश व्हायचा, या जातीत तेच औषध जिथे काम करतं ती जागाच बदललेली असते त्यामुळे अनेकांना टर्बिनाफिन लागूच पडत नाही. मग इट्राकोनाझोल द्यावं लागतं, आणि तेही आठवडेच्या आठवडे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा जी बऱ्याच जणांना कोणी सांगतच नाही. इट्राकोनाझोलची साधी कॅप्सूल विरघळायला पोटात ॲसिड लागतं. ती भरल्या पोटी घ्यायची, जेवणानंतर लगेच. आणि आपल्याकडे कुठलीही गोळी दिली की सोबत सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी घ्यायची जी सवय आहे ना, ती इथे नको, ॲसिड कमी झालं की कॅप्सूल नुसतीच पोटातून फिरून बाहेर. मग पेशंट म्हणतो महागाचं औषध पण काही फरक नाही. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल, हार्टचा त्रास असेल तर डॉक्टरला आधी सांगा, इट्राकोनाझोलचं बऱ्याच औषधांशी जमत नाही.

तर करायचं काय, स्टेरॉइडची ट्यूब बंद, लगेच. बंद केल्यावर आठ-दहा दिवस खाज उसळेल, तेव्हा परत ट्यूबकडे हात जाईल, तो थांबवा, त्या दिवसांसाठी डॉक्टर खाजेची गोळी देतील. त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन कड खरवडून केओएच टेस्ट करून घ्या, काचपट्टीवर पोटॅशचा थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली बघतात, तिथल्या तिथे कळतं. मलम फक्त बुरशीचं, चट्ट्यावरच नाही तर कडेच्या बाहेर दोन बोटांपर्यंतच्या निरोगी दिसणाऱ्या कातडीवरही लावायचं, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे चालू ठेवायचं. लिंबू, लसूण, चुना चोळू नका, त्याने कातडी भाजते आणि बुरशी तिथेच असते.

आणि चौघांपैकी ज्याला ज्याला खाज आहे त्याने एकाच वेळी ट्रीटमेंट घ्या, लाजू नका, चौघांचंही मला माहितीय म्हणा! एकाने बरं व्हायचं आणि दुसऱ्याच्या टॉवेलमधून परत घ्यायचं हे वर्षभर चाललंय तुमचं. टॉवेल वेगळे, इनरवेअर गरम पाण्यात धुवा, पावसात दोरीवर तीन दिवस दमट राहिलेली जीन्स घालू नका, वाळत नसेल तर उलटी करून इस्त्री फिरवा. रात्री सैल चड्डी, सुती.

माझ्या आईला परकराच्या नाडीखाली पट्ट्यासारखं काळं पडलंय आणि खाज येते. ती म्हणते नाडीच काचते. – कळवा

नाडी काचतच असेल, पण घाम मुरतो त्याच पट्ट्यात बुरशीही धरते, बायकांमध्ये ही जागा फार कॉमन आहे आणि फार उशिरा दाखवली जाते. दाखवून घ्या. नाडीऐवजी रुंद पट्टीचा परकर शिवा आणि गाठ रोज त्याच जागी मारू नका, काळेपणा जायला मात्र महिने लागतील. शुगर तपासलीय का कधी?

वाशीच्या मार्केटला माल उतरवायचं काम करतो. चार महिने गमबुटात पाय, चिखल्या होतात दरवर्षी. मेंदी लावतो, बरं वाटतं. चालेल का? – एपीएमसी

घरची वाटलेली मेंदी लावली तर वाईट काही होत नाही, जागा कोरडी पडते म्हणून बरं वाटतं. काळ्या रंगाची कोनातली मेंदी मात्र नको, तिच्यातल्या केमिकलने फोड येतात. पण चिखल्यांमध्ये खरंच बुरशी असेल तर मेंदीने भागत नाही. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामधली जागा बघा, पांढरी, भिजून फुगलेली, वास येणारी असेल तर क्लोट्रिमाझोलचं मलम दोन वेळा लावा. घरी आल्यावर पाय धुऊन बोटांच्या मधली जागा टिपून कोरडी करा, पुसणं वेगळं आणि टिपणं वेगळं, पुसताना लोक ती जागा सोडूनच देतात. गमबूट दोन जोड ठेवता आले तर एक वाळेल. आतले मोजे रोज बदला.

तुमच्यासारख्यांना मला भीती चिखल्यांची नाही, भेगांची वाटते. त्या भेगेतून जंतू शिरून पाय सुजतो, लाल होतो, ताप भरतो, आणि साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत असतं, त्यातून लेप्टो होतो. पाण्यातून चालल्यावर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, अंग आणि पोटऱ्या दुखल्या तर क्रोसिनवर काढू नका, डॉक्टरला सांगा की मी पाण्यात उतरलो होतो. डायबेटिस असेल तर तळपाय रोज रात्री बघायचा, स्वतःला दिसत नसेल तर बायकोला सांगा.

छाती-पाठीवर पांढुरके ठिपके आलेत. डिसेंबरमध्ये लग्न आहे. मैत्रीण म्हणाली कोड असेल. झोप उडालीय. – नेरूळ

झोपा. नखाने हलकेच खरवडून बघा, पिठासारखा बारीक कोंडा निघाला तर ती शिबं आहेत, आणि तुम्ही पाठवलेल्या फोटोत तेच दिसतंय. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो आणि त्यावर कोंडा नसतो. शिबं ज्या मॅलासेझियामुळे येतात ती बुरशी आपल्या सगळ्यांच्याच अंगावर राहते, घाम आणि तेल वाढलं की उचल खाते, होणाऱ्या नवऱ्याला त्यातून काही लागणार नाही. केटोकोनाझोल शॅम्पू ओल्या अंगावर लावून पाच मिनिटं ठेवून धुवा, किती दिवस ते डॉक्टर सांगतील. बुरशी लवकर जाते पण रंग परत यायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून नोव्हेंबरची वाट बघू नका. अंगाला खोबरेल तेल चोळणं सध्या बंद. एखाद्या डागावर स्पर्श कमी जाणवत असेल तर मात्र ती गोष्ट वेगळी, लगेच दाखवा.

आमचं उलव्याकडे गाव आहे, दोन गाई आणि एक वासरू. वासराच्या डोळ्याभोवती आणि मानेवर राखाडी खपल्या झाल्यात, केस गेलेत. आजोबा धार काढतात, त्यांच्या हातावर सुजलेला लाल चट्टा आलाय. लंपी आहे का? दूध प्यायचं की नाही? काका म्हणतात जळकं ऑइल लावा. – पनवेल तालुका

काकांना ऑइलचा डबा खाली ठेवायला सांगा. गाडीचं जळकं ऑइल कातडीतून आणि चाटून जनावराच्या पोटात जातं, त्यात शिसं वगैरे काय काय असतं, आणि हे डोळ्याभोवती लावायचं म्हणताय!

लंपी वाटत नाही. लंपी हा विषाणूचा आजार आहे, २०२२ मध्ये महाराष्ट्रात त्याने गोठे रिकामे केले म्हणून लोकांच्या डोक्यात तो बसलाय. त्यात ताप येतो, अंगभर कातडीखाली हाताला लागणाऱ्या कडक गाठी येतात, जनावर चारा सोडतं, आणि माणसाला तो होत नाही. वासराच्या डोळ्याभोवती जाड, राखाडी-पांढरी, चिकटवल्यासारखी खपली आणि सोबत धार काढणाऱ्याच्या हातावर चट्टा, म्हणजे जनावरांचं गजकर्ण, ट्रायकोफायटन व्हेरुकोसम. वासरांनाच जास्त होतं. बऱ्याचदा दोन ते चार महिन्यांत आपोआप भरून येतं, पण पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. तोवर वासरू वेगळं बांधा, खपल्या ओल्या करून मऊ ब्रशने काढा, हातमोजे घालून, आणि त्या उकिरड्यावर टाकू नका, जाळा. खुंटा, गव्हाण, लाकडी खांब जिथे वासरू अंग घासतं तिथे ही बुरशी वर्षानुवर्षं टिकते, तिथे घासून धुऊन ब्लीच मारा.

दुधातून हा रोग पसरत नाही, नेहमीसारखं उकळून प्या. आजोबांना मात्र माणसांच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे न्या. जनावराकडून आलेली बुरशी माणसाच्या कातडीला परकी असते म्हणून ती जास्त सुजते, पुवाळते, आणि गावात त्यावर अँटिबायोटिकची इंजेक्शनं घेत बसतात.

आमच्या लॅब्राडॉरच्या कानातून आंबूस वास येतो, आत तपकिरी मळ, सतत डोकं झटकतो. घरात तान्हं बाळ आहे. – माजिवडा

झुलत्या कानांच्या कुत्र्यांना पावसाळ्यात हे होतंच, कानात हवा जात नाही आणि मॅलासेझियाची कुत्र्यांमधली जात वाढते. गजकर्णासारखं ते घरभर पसरत नाही. बाळाबद्दल विचारलंत ते चांगलं केलंत, १९९८ मध्ये अमेरिकेतल्या एका नवजात बाळांच्या आयसीयूमध्ये हीच बुरशी नर्सेसच्या हातांवरून बाळांपर्यंत पोचल्याची नोंद आहे आणि मूळ त्यांच्या घरचे कुत्रे असावेत असं दिसलं, पण ती फार कमी वजनाची, सलाइनवर असलेली बाळं होती. घरातल्या धडधाकट बाळाला घाबरायचं कारण नाही, कान साफ केल्यावर हात साबणाने धुवा, बस. कानात तेल, पेरॉक्साइड, कानकोरणं काही घालू नका. व्हेटकडून मळ मायक्रोस्कोपखाली बघून घ्या, कारण वरून सारखा दिसणारा मळ बुरशीचा, जंतूंचा किंवा कानातल्या किड्यांचा असू शकतो आणि तिन्हींचे थेंब वेगळे. दरवर्षी होत असेल तर मुळात ॲलर्जी आहे का ते शोधायला हवं.

सोसायटीच्या गेटवरच्या भटक्या कुत्रीचे सगळे केस गेलेत, दिवसभर खाजवते. कमिटी म्हणते बुरशी आहे, मुलांना होईल, हाकला. – ऐरोली

फोटोत कानाच्या कडा आणि कोपरं जाड, सुरकुतलेली दिसतायत आणि खाज एवढी, म्हणजे बहुतेक बुरशी नाही, खरूज आहे, किड्यांची. तिला हात लावणाऱ्याला थोडे दिवस बारीक पुरळ आणि खाज येऊ शकते, पण कुत्र्याचा किडा माणसाच्या अंगावर फार दिवस टिकत नाही. आज त्यावर एक गोळी मिळते, व्हेटकडून कुत्रीच्या वजनाप्रमाणे डोस विचारून घ्या, चिकनच्या तुकड्यात दाबून द्या, पकडायची पण गरज नाही. आयव्हरमेक्टिन स्वतःच्या मनाने देऊ नका, काही कुत्र्यांना ते सोसत नाही. ती ज्या गोणपाटावर झोपते ते जाळून वॉचमनला दुसरं टाकायला सांगा. एका गोळीने महिनाभरात लव यायला लागते, तेव्हा कमिटीला परत फोटो पाठवा.